पडद्यावर घडणारा चॉकलेटचा बदाम

फेब्रुवारी महिना जवळ आला, की मुंबई-पुण्यातील अनेक स्वयंपाकघरांत चॉकलेटचे साचे बाहेर निघतात. ‘व्हॅलेंटाइन डे’साठी घरच्या घरी चॉकलेट बनवून विकणाऱ्या गृहिणींची आणि तरुणांची संख्या आता थोडीथोडकी नाही. माल तयार असतो, ओळखीचे गिऱ्हाईकही असते. अडते ते खोक्यावरच्या चित्रापाशी. चॉकलेटचे छायाचित्र काढणे वाटते तितके सोपे नाही. मुंबईत फेब्रुवारीतही दुपारी पारा तिशी ओलांडतो, त्यात प्रखर दिव्यांची भर पडली की काही मिनिटांत चॉकलेटच्या कडा मऊ पडतात, वर बोटांचे ठसे उमटतात आणि चकाकी मावळते. व्यावसायिक छायाचित्रकाराचे शुल्क दोन-चार किलो मालाच्या धंद्याला परवडत नाही. मग संगणकावर, चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचे चॉकलेट ‘घडवण्याचा’ मार्ग उरतो.

हा मार्ग डीटीपी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्याही परिचयाचा आहे. बदामाचा आकार काढायचा, त्यात तपकिरी रंग भरायचा, उठाव द्यायचा आणि काम संपले, अशी त्यांची समजूत असते. प्रत्यक्षात पडद्यावर उमटते ते कधी तपकिरी प्लॅस्टिक, कधी ओली माती, तर कधी पितळेचा बिल्ला. याचे कारण रंगात नसून प्रकाशात आहे. एखादी वस्तू चॉकलेटची आहे, हे डोळ्याला तिच्या तपकिरीपणापेक्षा तिच्यावर पडलेला उजेड कसा परततो यावरून कळते. हे एकदा ध्यानात आले, की सॉफ्टवेअरमधील प्रत्येक आज्ञेचा अर्थ लागू लागतो.

चॉकलेट आणि चित्र यांचे नाते तसे जुने आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील रिचर्ड कॅडबरी यांनी १८६० च्या दशकात चॉकलेटच्या खोक्यांवर स्वतः रंगवलेली चित्रे छापली. आतल्या मालाइतकीच खोक्याचीही ओढ लागावी, हा त्यामागील हेतू होता. आज कुंचल्याची जागा संगणकाने घेतली आहे. टॉमस आणि जॉन नोल या अमेरिकन बंधूंनी विकसित केलेले ‘फोटोशॉप’ १९९० मध्ये अ‍ॅडोबी कंपनीने बाजारात आणले. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यात ‘लेअर’ आले, तर १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत लेअरला सावली आणि उठाव देण्याची सोय झाली. चॉकलेटचा बदाम घडतो तो मुख्यतः या दोन सोयींच्या आधारे.

आधी चॉकलेट पाहावे

संगणक सुरू करण्यापूर्वी चॉकलेटची एक वडी खिडकीजवळ ठेवून न्याहाळणे हिताचे. चॉकलेटमधील स्निग्धांश म्हणजे कोकोआ बटर. थिजताना त्याचे स्फटिक सहा निरनिराळ्या रूपांत तयार होऊ शकतात. त्यांपैकी पाचवे रूप चॉकलेट बनवणाऱ्याला हवे असते. ते सुमारे ३४ अंश सेल्सिअसला वितळते. म्हणूनच चांगले चॉकलेट हातात टिकते आणि तोंडात विरघळते. हे रूप मिळवण्यासाठी गडद चॉकलेट सुमारे ४५ अंशांपर्यंत वितळवून, २७ अंशांच्या आसपास थंड करून पुन्हा ३१-३२ अंशांवर आणतात. या प्रक्रियेला ‘टेम्परिंग’ म्हणतात.

चित्रकाराला या शास्त्राशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी विचारील. पण चकाकीचे मूळ इथेच आहे. नीट टेम्पर केलेल्या चॉकलेटचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, त्यामुळे त्यावर खिडकीचे प्रतिबिंब बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. टेम्परिंग बिघडले, तर पृष्ठभाग खडबडीत होतो, त्यावर पांढुरकी झाक येते आणि उजेड विखुरला जातो. म्हणजे चित्रातील चकाकीची कड किती रेखीव ठेवायची, यावर ते चॉकलेट ताजे वाटणार की जुने, हे ठरते.

दुसरी गोष्ट साच्याची. टेम्पर केलेले चॉकलेट थंड होताना किंचित आकसते आणि साच्यातून सुटते. ते अलगद निघावे म्हणून साच्याच्या भिंती थोड्या उतरत्या ठेवलेल्या असतात. खऱ्या चॉकलेटच्या बाजू त्यामुळे सरळ उभ्या कापलेल्या नसतात. त्या बाहेरच्या बाजूस उतरत येतात आणि वरची कड गोलसर असते. चित्रातही हा उतार दिसला पाहिजे.

आकाराची आखणी

नवी फाइल घेताना लांबी-रुंदी प्रत्येकी १५०० पिक्सेल आणि घनता इंचाला ३०० पिक्सेल ठेवावी. म्हणजे छपाईत साधारण पावणेतेरा सेंटिमीटरपर्यंतचे चित्र स्वच्छ उमटते. रंगपद्धती आरजीबी निवडावी. शक्य असल्यास प्रत्येक रंगासाठी ८ ऐवजी १६ बिट घ्यावेत. गडद तपकिरी रंगाच्या छटा एकमेकींच्या फार जवळ असतात. ८ बिटांत त्यांच्या मऊ उतारावर पट्टे दिसण्याचा धोका असतो.

बदामाचा तयार आकार ‘कस्टम शेप’ या साधनात मिळतो. नव्या आवृत्त्यांत तो जुन्या आकारांच्या संचातून बोलवावा लागतो. मात्र हा आकार पत्त्यावरचा वाटतो, साच्यातला नव्हे. त्याऐवजी ‘पेन टूल’ने अर्धा बदाम आखावा, त्याची प्रत आडवी उलटवावी आणि दोन्ही जोडावेत. वरची खाच फार खोल आणि खालचे टोक फार अणकुचीदार ठेवू नये. धारदार टोक साच्यातून काढताना मोडते. म्हणून प्रत्यक्ष चॉकलेटचे टोक बोथट असते.

रंग: काळा नको, पांढराही नको

मूळ रंग भरताना गडद चॉकलेटसाठी लाल ५८, हिरवा ३० आणि निळा १८, तर दुधाच्या चॉकलेटसाठी लाल ११०, हिरवा ६६ आणि निळा ४० ही मूल्ये आरंभासाठी ठीक आहेत. तिन्ही आकड्यांत लाल सर्वांत मोठा आणि निळा सर्वांत लहान आहे, हे लक्षात घ्यावे. चॉकलेटचा उबदारपणा या उतरत्या क्रमात असतो. सावलीचा भाग करतानाही हाच क्रम राखून तिन्ही आकडे खाली आणावेत. थेट काळा रंग मिसळला, की उबदारपणा जातो आणि चॉकलेट कोळशासारखे दिसू लागते.

उठाव कसा निर्माण होतो

आता लेअरला ‘बेव्हल अँड एम्बॉस’ हा परिणाम द्यावा. ही आज्ञा नेमके काय करते, ते समजून घेण्यासारखे आहे. सॉफ्टवेअरला बदाम जाड आहे की सपाट, याची काहीच कल्पना नसते. ते आकाराच्या कडेपासून आतल्या प्रत्येक बिंदूचे अंतर मोजते, त्या अंतरावरून एक काल्पनिक उतार रचते आणि तो उतार प्रकाशाच्या दिशेकडे तोंड करून आहे की पाठ, यानुसार तेथे उजळ किंवा गडद रंग घालते.

त्यामुळे ‘साइझ’ म्हणजे उताराची रुंदी आणि ‘डेप्थ’ म्हणजे उताराची तीव्रता, असा अर्थ लावावा. ‘इनर बेव्हल’ हा प्रकार आणि ‘स्मूथ’ ही पद्धत निवडून साइझ ७० ते ९० पिक्सेल, डेप्थ १०० ते १५० टक्के आणि ‘सॉफन’ १० च्या आसपास ठेवावे. साइझ अगदी कमी ठेवली, तर नुसती काठ दुमडलेली ताटली दिसते. ‘चिझेल’ पद्धत निवडल्यास खाचेतून आणि टोकातून धारदार रेषा निघतात. त्या दगडावर शोभतात, चॉकलेटवर नव्हे. प्रकाशाचा कोन १२० अंश आणि उंची ३५ ते ४० अंश ठेवल्यास उजेड डाव्या हाताच्या वरच्या खिडकीतून आल्यासारखा वाटतो.

याच खिडकीत उजळ भागासाठी पांढरा आणि सावलीसाठी काळा रंग आधीच ठरवून ठेवलेला असतो. नवशिक्याचे चित्र फसते ते बहुधा इथेच. उजळ भागासाठी फिकट साईचा रंग घेऊन त्याची तीव्रता ३५ टक्क्यांच्या आसपास आणावी. सावलीसाठी गडद तांबूस तपकिरी रंग घ्यावा. ‘ग्लॉस कंटूर’मधील ‘रिंग’ हा आकर्षक पर्याय टाळावा. त्याने उजेड-अंधाराचे एकाआड एक पट्टे तयार होतात. असे पट्टे डोळ्याला धातूच्या पृष्ठभागावर पाहण्याची सवय आहे, आणि बदामाचा बिल्ला होतो तो यामुळेच.

चकाकी हाताने द्यावी

संगणकावरील चित्रांत वस्तूवरच्या प्रकाशाचा विचार करण्याची एक सुटसुटीत रीत अमेरिकेतील युटा विद्यापीठात काम केलेले व्हिएतनामी वंशाचे संशोधक बुई तुओंग फोंग यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांच्या मांडणीनुसार प्रकाशाचे तीन भाग पडतात: सभोवतालचा मंद उजेड, पृष्ठभागावरून सर्व दिशांना पसरणारा उजेड आणि आरशासारखा ठराविक दिशेने परतणारा झोत. पहिला भाग मूळ रंगाने साधतो, दुसरा उठावाने. तिसरा, म्हणजे चकाकी, मात्र स्वतंत्र लेअरवर हाताने रंगवणे उत्तम.

यातही एक नियम सांभाळावा लागतो. सोन्या-पितळेसारख्या धातूवरची चकाकी धातूचा रंग घेते. चॉकलेटसारख्या पदार्थावरची चकाकी मात्र प्रकाशाचाच रंग दाखवते. खिडकीचा उजेड पांढुरका असेल, तर चकाकीही पांढुरकीच हवी. तिला तांबूस छटा दिली की धातूचा भास होतो. अर्थात ती निखळ पांढरी आणि प्रखरही असू नये. नवा लेअर घेऊन त्याची मिश्रणपद्धती ‘स्क्रीन’ ठेवावी. एकाच भिंतीवर दोन प्रोजेक्टरचा उजेड पडावा, तसा या पद्धतीत एका लेअरचा उजेड दुसऱ्यात मिळतो. उलट ‘मल्टिप्लाय’ ही पद्धत एकमेकांवर ठेवून उजेडाकडे धरलेल्या दोन रंगीत काचांप्रमाणे चित्र गडद करते.

चकाकीचा आकार लांबट, बदामाच्या वळणाला समांतर असावा. ‘गॉसियन ब्लर’ या फिल्टरने तिची कड ६ ते ८ पिक्सेल मऊ करावी आणि लेअरची तीव्रता ४० ते ५० टक्क्यांवर आणावी. ताज्या, टेम्पर केलेल्या चॉकलेटसाठी ब्लर कमी. कोकोआची पूड भुरभुरलेल्या चॉकलेटसाठी जास्त.

आणखी एक चूक सर्रास आढळते. बदामाचा आकार अर्धा आखून उलटवलेला असतो, म्हणून चकाकीही तशीच उलटवून दोन्ही फुगवट्यांवर समोरासमोर बसवली जाते. आकार समभाग असला तरी उजेड समभाग नसतो. प्रकाश डावीकडून वरून येत असेल, तर दोन्ही फुगवट्यांच्या डाव्या-वरच्या अंगालाच चकाकी यायला हवी. मधल्या खाचेत तर फरक अधिक ठळक दिसतो: खाचेच्या डाव्या बाजूचा उतार प्रकाशाकडे पाठ करून असल्याने काळवंडतो आणि उजव्या बाजूचा उजळतो. एवढी एक दुरुस्ती केली, तरी सपाट वाटणारे चित्र एकदम वस्तूसारखे दिसू लागते.

सावली आणि बारीक खुणा

वस्तू टेकलेली आहे की तरंगत आहे, ते सावली सांगते. ‘ड्रॉप शॅडो’ची एकच सावली दिली, तर बदाम कागदावर हवेत लटकल्यासारखा वाटतो. सावल्या दोन हव्यात. पहिली चॉकलेट जिथे टेकते तिथली: अरुंद, दाट, ४ ते ६ पिक्सेलांची. दुसरी रुंद आणि विरळ: ४० ते ६० पिक्सेल पसरलेली, तीव्रता २५ टक्क्यांच्या आत. दोन्हींचा रंग काळ्याऐवजी गडद तपकिरी असावा आणि दिशा उजवीकडे खाली. ‘यूज ग्लोबल लाइट’ ही खूण चालू ठेवल्यास सर्व परिणामांचा प्रकाश एकाच दिशेने राहतो. हाताने रंगवलेली चकाकी मात्र स्वतः तपासून घ्यावी लागते.

संगणकाचा रंग निर्दोष असतो आणि तोच दोष ठरतो. म्हणून बदामावर एक ते दीड टक्का ‘नॉइज’ घालून तो अर्धा पिक्सेल ‘ब्लर’ करावा. साच्यात हवेचा एखादा बुडबुडा राहून पडलेला टाचणीएवढा खळगा काठाशी दाखवावा. असे एक-दोन पुरेत. अधिक झाले तर माल सदोष वाटेल.

वर पांढऱ्या चॉकलेटच्या रेघा हव्या असतील, तर पेन टूलने नागमोडी मार्ग आखून त्यावर १२ पिक्सेल जाडीची रेघ ओढावी आणि तिला स्वतंत्र, लहान उठाव द्यावा. रेघ वळते तेथे किंचित जाड करावी. कारण हात वळताना मंदावतो आणि चॉकलेट जास्त सांडते.

पांढऱ्या चॉकलेटच्या सावल्या मात्र वेगळ्या असतात. दूध, संगमरवर, मानवी त्वचा यांप्रमाणेच त्यात प्रकाश आत शिरतो, थोडे अंतर कापतो आणि दुसरीकडून बाहेर पडतो. हेन्रिक वान जेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हा परिणाम संगणकावर व्यवहार्य रीतीने दाखवण्याची पद्धत मांडली. त्या कार्यासाठी २००४ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीने त्यांना तांत्रिक पुरस्कार दिला. चित्रसंपादनात एवढे गणित लागत नाही. पांढऱ्या रेघेची सावली करडी न ठेवता फिकट मधाच्या रंगाची ठेवली, तर तोच भास साधतो.

छापखान्यात गेल्यावर

पडद्यावर देखणे दिसणारे चॉकलेट छपाईत चिखलासारखे उतरल्याचा अनुभव अनेकांना येतो. पडदा प्रकाश देतो, कागद शाई शोषतो. आरजीबी चित्र सीएमवायके पद्धतीत बदलताना गडद तपकिरी रंगासाठी चारही शाया मोठ्या प्रमाणात लागतात. गुळगुळीत आर्ट पेपरवर चारही शायांची बेरीज साधारण ३०० टक्क्यांच्या आत ठेवण्याचा प्रघात आहे. ती ओलांडली तर शाई वाळत नाही आणि सावल्यांतील बारकावे बुजतात. सायन ४५, मॅजेंटा ७५, पिवळा ८५ आणि काळा ६० अशा तपकिरीची बेरीज २६५ होते. ती चालू शकते. ‘प्रूफ कलर्स’ ही आज्ञा देऊन छपाईतील रंगाचा अंदाज आधीच घ्यावा आणि हजार खोकी छापण्याआधी एक नमुना अवश्य काढून घ्यावा. हजार खोक्यांचा खर्च छोट्या व्यावसायिकाच्या हंगामाचा नफा गिळू शकतो. लेअर असलेली मूळ फाइल मात्र आरजीबीमध्येच जपून ठेवावी.

खर्चाचा विचार सॉफ्टवेअरच्या बाबतीतही करावा लागतो. २०१३ पासून अ‍ॅडोबीने फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या वर्गणी पद्धतीने देण्यास सुरुवात केली. ज्यांना ते परवडत नाही, त्यांच्यासाठी ‘गिम्प’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यातील आज्ञांची नावे निराळी आहेत, काही परिणाम अधिक पायऱ्यांनी साधावे लागतात; पण वर सांगितलेली प्रकाशाची तत्त्वे तशीच लागू पडतात.

खोक्यावरचे आणि खोक्यातले

चित्र इतके हुबेहूब साधले, की त्यातून एक जबाबदारीही येते. घरगुती व्यवसायात पुष्कळदा ‘कंपाउंड’ वापरले जाते. त्यात कोकोआ बटरऐवजी इतर वनस्पतिजन्य स्निग्धांश असतो. त्याला टेम्परिंग लागत नाही आणि उन्हाळ्यात ते सोयीचे पडते. त्यात गैर काही नाही. मात्र खोक्यावर जाड, भरीव, आत सुक्या मेव्याचे बदाम असलेले चॉकलेट रंगवायचे आणि आत पातळ, पोकळ वडी ठेवायची, हे गिऱ्हाइकाची दिशाभूल करणारे आहे. वेष्टनावर अन्नपदार्थ चुकीच्या किंवा त्याच्या स्वरूपाविषयी गैरसमज निर्माण करणाऱ्या रीतीने सादर करता येत नाही, असे भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचे २०२० चे लेबलविषयक विनियम सांगतात. घरगुती धंदा तोंडी शिफारशीवर चालतो. एकदा फसलेले गिऱ्हाईक पुढच्या फेब्रुवारीत परत येत नाही, हा दंड वेगळाच.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने एका वाक्यावरून काही सेकंदांत चॉकलेटचा बदाम काढून देतात. तो सुरेखही असतो. पण तो कोणाच्याही साच्यातून निघालेला नसतो. स्वतःच्या साच्याची खाच किती खोल आहे, टोक किती बोथट आहे, काठ किती उतरता आहे, वडी किती जाड आहे, हे बनवणाऱ्यालाच ठाऊक असते. लेअर रचून केलेल्या चित्रात यांतील प्रत्येक माप स्वतःच्या मालाप्रमाणे बसवता येते.

चित्र पूर्ण झाल्यावर त्याची परीक्षा सोपी आहे. आपण बनवलेली एक वडी पडद्याशेजारी, डावीकडून उजेड येईल अशी ठेवावी आणि चार पावले मागे जाऊन दोन्हींकडे पाहावे. चकाकी कुठे संपते, खाच कोणत्या बाजूला काळवंडते, सावली कुठे दाट होते, हे एकेक करून ताडून पाहावे. जिथे फरक दिसेल तिथे चित्र बदलावे. दुपार होण्याआधी हे काम उरकलेले बरे, कारण पडद्यावरचे चॉकलेट थांबेल. शेजारचे थांबणार नाही.